अंड्याचं वय सांगा : एका डबेवालीचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातले अंडी उत्पादक, घाऊक व्यापारी, दुकानदार
आणि अन्न सुरक्षेचे नियम करणारे अधिकारी

विषय : विकतच्या अंड्यांना येणारा वास आणि ट्रेवर नसलेली तारीख

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात गेली एकोणीस वर्षं डबे देते. खाणारी बहुतेक मुलं बाहेरगावची, शिकायला नाहीतर नोकरीला आलेली. बुधवारी आणि रविवारी अंड्याचा रस्सा असतो, मधे कुणाला सकाळी बुर्जी-पोळी हवी असते. आठवड्याला सहा ट्रे लागतात, म्हणजे १८० अंडी. एवढी अंडी फोडणाऱ्या-सोलणाऱ्या बाईला वासाबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे असं समजून लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. व्यायामशाळेत जाणाऱ्या दोन मुलांनी हट्ट धरला म्हणून मी एक ट्रे तपकिरी अंडी आणली. उकडताना स्वयंपाकघरात माशाचा वास आला. आदल्या दिवशी मी बांगडे केले होते, त्यामुळे मला वाटलं भांडं नीट घासलं गेलं नाही. दुसऱ्या भांड्यात उकडली, तरी तेच. मसाला जरा चढा घातला आणि डबे दिले. दुपारी एकाचा फोन आला, "काकू, आज मासे आहेत का?" म्हटलं, नाही रे, अंडी आहेत. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग मी भातच खातो." तो मुलगा पुढे दोन महिने बुधवारचा डबा घेत नव्हता.

उरलेली अंडी मी एकेक करून वाटीत फोडून पाहिली. दिसायला उत्तम होती, बलक गोल, पांढरा भाग घट्ट. वास मात्र त्यांतल्या चार-पाच अंड्यांनाच. बाकीची अगदी व्यवस्थित. नासलेली म्हणावीत तर दिसायला ताजी, आणि खाद्याचा वास म्हणावा तर सगळ्यांना का नाही? दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, "ताई, ब्राऊन अंड्याला असाच वास येतो, ताकद असते त्यात." मी त्याला म्हटलं, तसं असेल तर माझ्या मिक्सरच्या भांड्यातही बरीच ताकद आहे म्हणायची.

आपल्या भाषेत वासाला शब्द काय कमी आहेत? वशट, कुबट, खवट, कुजकट, आंबूस, उग्र, करपट. माझ्या सासूबाई भांडं नुसतं पुढे सरकवलं तरी सांगायच्या, हे कुबट आहे, ते आंबलंय. तुमच्या दुकानांत मात्र या सगळ्याला एकच शब्द चालतो, 'खराब'. त्यावर उपायही एकच, 'बदलून देतो'. अंडं बदलून मिळतं, पण वास कुठून आला ते कुणी सांगत नाही. म्हणून मीच विचारत सुटले. माझ्या चुलत दिरांची लेअरची, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची पोल्ट्री आहे. त्यांना विचारलं, त्यांच्या ओळखीच्या पशुवैद्य डॉक्टरांना विचारलं, आणि जे कळलं ते इथे मांडते. तुमच्यातल्या जाणकारांना हे ठाऊक असेलच. पण ठाऊक असूनही आम्हाला कुणी सांगितलं नाही, ही माझी तक्रार समजा.

वशट वासापासून सुरू करते, कारण त्या मुलाचा बुधवारचा डबा त्याच वासाने सुटला. शिळ्या मासळीला जो वास येतो त्याच्या मुळाशी ट्रायमिथाइलअमाइन नावाचा पदार्थ असतो. कोंबडीच्या खाद्यात कोलीन असतं, मोहरीच्या पेंडीत सिनापिन असतं, आणि सुक्या मासळीचा भुगा घातला असेल तर काही विचारायलाच नको. कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू यांच्यापासून हा वासाचा पदार्थ तयार करतात. एरवी कोंबडीचं यकृत त्याचं रूप बदलून वास घालवतं. पण तपकिरी अंडी देणाऱ्या काही वाणांमधल्या काही कोंबड्यांत हे काम करणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच अधू असतं. त्यांचं यकृत तो पदार्थ आवरू शकत नाही आणि तो थेट बलकात उतरतो. शेडमधले सगळे पक्षी एकच खाद्य खातात आणि वास मात्र ट्रेमधल्या चारच अंड्यांना येतो, त्याचं कारण हे. पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्न वंशाच्या पक्ष्यांत हा दोष आढळत नाही. आपल्याकडची बहुतेक पांढरी अंडी त्याच वंशातली, त्यामुळे एकोणीस वर्षांत मला हा वास कधी भेटला नव्हता.

कोंबड्यांमधला हा जनुकातला दोष २००५ साली फिनलंडच्या संशोधकांनी शोधून काढला, आणि परदेशातल्या पैदासकारांनी पक्षी तपासून तो आपल्या वाणांतून काढायला सुरुवात केली. (माणसांतही हाच दोष क्वचित असतो आणि अशा माणसाच्या घामाला माशाचा वास येतो. डॉक्टरांनी हे सांगितल्यापासून मी बसमध्ये कुणाकडे पाहून नाक मुरडत नाही.) म्हणजे उपाय दोन आहेत. पिल्लं घेताना या दोषाची चौकशी करायची, नाहीतर तपकिरी पक्ष्यांच्या खाद्यात मोहरीची पेंड आणि मासळीचा भुगा हात राखून घालायचा.

खाद्याचं गणित मला कळत नाही असं समजू नका. दीर नेहमी म्हणतात, अंड्यांवरच्या दर दहा रुपये खर्चातले सहा-सात रुपये खाद्याचेच. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी भडकली की ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला १२ लाख टन सोयापेंड आयात करायची परवानगी द्यावी लागली. अशा वेळी कुणी स्वस्त पेंडीकडे वळला तर मी त्याला दोष देणार नाही. महाग डाळीच्या दिवसांत माझ्याही आमटीत पाणी वाढतं. पण आमटी पातळ आहे हे मुलांना दिसतं आणि ती मला बोलतात. अंड्यात काय पातळ झालंय ते फोडेपर्यंत दिसत नाही.

कुबट वासाचं मूळ पोटात नसून बाहेर असतं. टरफलाला ७,००० ते १७,००० बारीक छिद्रं असतात. कोंबडी अंडं घालते तेव्हा त्यावर एक पातळ लेप असतो आणि तो ही छिद्रं झाकतो. तो टिकला तर अंडं टिकतं. आता जुलै-ऑगस्टमधले पुठ्ठ्याचे ट्रे आठवा. टेम्पोतून भिजत आलेले, सुकवलेले, पुन्हा भरलेले, कडांना हिरवट-काळे ठिपके. बुरशीचा तो वास टरफलातून आत जातो. अंडं उकडलं की ओल्या गोणपाटासारखी चव लागते आणि कितीही आलं-लसूण वाटलं तरी ती जात नाही. जुने ट्रे फिरवून वापरण्यात पैसे वाचतात हे खरं, पण एका शेडमधला आजार दुसऱ्या शेडमध्ये जायची ती सोपी वाट आहे. २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हा काय झालं होतं ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता, तेव्हा ट्रेबद्दल मी अजून काय सांगणार!

दुकानदार मंडळी, आता तुमच्याकडे येते. आमच्या गल्लीतल्या एका दुकानात अंड्यांचा ट्रे कुठे असतो ते सांगते. दारात. एका बाजूला फिनेलच्या बाटल्या, वरच्या फळीवर अगरबत्तीचे पुडे, खाली कांद्याचं पोतं, आणि दुपारी दोन ते चार थेट ऊन. एकदा माझ्या कॅरॅमल पुडिंगला चंदनाचा वास आला होता. पाहुण्यांनी विचारलं, यात वेगळं काय घातलंय? मी म्हटलं, घरचीच रीत आहे आमची. त्या दिवशी निभावलं, पण फिनेलचा वास आला असता तर कुठली रीत सांगितली असती?

काही जण अंडी ओल्या फडक्याने पुसतात, काही तर चक्क बादलीत धुतात, म्हणजे विष्ठेचे डाग जाऊन माल स्वच्छ दिसतो. कृपा करून हे करू नका. पाण्याने वरचा लेप जातो. पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर आतला भाग आकसतो आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. अशी अंडी दोन-चार दिवसांत आंबूस लागतात, कधी पांढऱ्या भागावर हिरवट झाक दिसते. अमेरिकेत व्यापारी अंडी धुवावीच लागतात, पण तिथे पाणी अंड्याहून गरम ठेवतात आणि पुढे घरापर्यंत ती थंडच राहतात, साधारण ७ अंशांवर. युरोपात उलट, पहिल्या दर्जाची अंडी धुवायला बंदी आहे. तिथे लेप राखायचा आणि शेडच स्वच्छ ठेवायचं. दोन्ही पद्धती परस्परविरुद्ध आहेत, पण आपापल्या जागी पूर्ण आहेत. आपण मात्र अमेरिकेसारखं धुतो आणि त्यानंतर उन्हात ठेवतो.

राहिलं नासकं अंडं, तुमच्या-आमच्या बालपणापासूनचं. पांढऱ्या भागातल्या प्रथिनांत गंधक असतं. अंडं जुनं झालं, आत जिवाणू शिरले, की ती प्रथिनं फुटून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि मग घरातल्या सगळ्यांना कळतं की आज बुर्जीचा बेत होता. जुनं होताना अंड्यातलं पाणी आणि वायू हळूहळू छिद्रांतून बाहेर पडतात, आतली हवेची पोकळी मोठी होते, म्हणून जुनं अंडं पाण्यात तरंगतं. माझी आजी हीच परीक्षा घ्यायची. अंडी टिकवायची झाली तर ती चुन्याच्या निवळीत ठेवायची, म्हणजे छिद्रं बुजायची. विकत घेताना कोंबडीवाल्या मावशीला ती एकच प्रश्न विचारायची, "कधीचं गं?" मावशी सांगायची, "आज पहाटेचं." कधी खोटंही सांगत असेल. पण प्रश्न विचारता येत होता आणि उत्तर द्यायला समोर माणूस होता.

सगळंच तुमच्या माथी मारत नाही. अंडी वीस मिनिटं खळखळा उकळली तर बलकाभोवती राखाडी-हिरवट कडं येतं आणि गंधकाचा वास सुटतो. ते लोह आणि गंधकाचं आहे, अपायकारक नाही, आणि ती चूक आमची. दहा-बारा मिनिटं पुरतात, मग गार पाण्यात टाकायची. फ्रीजमध्ये चिरलेला कांदा, सुकट आणि फणसाच्या शेजारी उघडा ट्रे ठेवणाऱ्यांनीही कुणाला बोल लावू नये. मीही एकदा ठेवलाय.

तर माझा मूळ मुद्दा 'कधीचं गं?' हा आहे. वशट वास खाद्याचा, कुबट वास ट्रेचा, फिनेलचा वास फळीचा, नासका वास वयाचा. प्रत्येकाचं मूळ वेगळ्या माणसापाशी आहे. पण सुट्या अंड्यावर ना गाव असतं ना तारीख, त्यामुळे वास आला की तो कुणाचाच नसतो. दुकानदार म्हणतो होलसेलवाल्याला विचारा, होलसेलवाला म्हणतो माल चार ठिकाणांहून येतो. एक पेटी म्हणजे २१० अंडी, सात ट्रे. पुण्या-मुंबईच्या बाजारात राज्यातला माल येतो तसा हैदराबाद-होस्पेटकडचाही येतो. इतक्या लांबून येणाऱ्या नाशवंत मालावर वयाची खूण नाही, आणि याचं नवल कुणालाच वाटत नाही.

यात गंमत अशी की भावाच्या बाबतीत हा धंदा अगदी चोख आहे. १९८२ साली पोल्ट्री उद्योजक डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, ती व्यापाऱ्यांच्या कचाट्यातून शेतकऱ्याला बाहेर काढायला. आज रोज सकाळी तमिळनाडूतल्या नमक्कलचा, हरियाणातल्या बरवाल्याचा, पुण्याचा, मुंबईचा शेकड्याचा भाव पैशापर्यंत मोबाइलवर दिसतो. हे मोठं काम आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण जो धंदा हजार मैलांवरच्या अंड्याचा भाव रोज सकाळी कळवू शकतो, त्याला त्याच अंड्याचं वय कळवता येत नाही, हे मला पटत नाही.

श्रावणात तर हे फारच जाणवतं. महिनाभर मागणी पडते, भाव उतरतो, पण कोंबडी काही श्रावण पाळत नाही. ती रोज घालतच असते. मग तो माल कुठेतरी थांबतो. शीतगृहात थांबला तर ठीक. पण तिथून काढून दमट हवेत आणला की टरफलावर दव धरतं, आणि ओलं टरफल म्हणजे जिवाणूंना उघडं दार. डब्यातली मुलं श्रावण पाळत नाहीत, म्हणून मला त्या दिवसांतही अंडी लागतात आणि फोडल्यावर पांढरा भाग पाण्यासारखा तव्यावर पसरतो. ताजेपणा मोजायला रेमंड हॉ नावाच्या संशोधकाने १९३७ साली मापही ठरवून दिलंय, फोडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किती उंच उभा राहतो त्यावरून. माझ्या तव्यावर ते माप रोज निघतं, नोंद करणारं कुणी नाही इतकंच.

खोक्यातली महागडी अंडी घ्या, त्यावर तारीख असते, असं कुणी सांगेल. मी घेऊन पाहिली. तारीख होती ती खोक्यात भरल्याची. घातल्याची नव्हे. माणसाच्या जन्मतारखेच्या रकान्यात लग्नाची तारीख लिहावी तसं हे झालं. युरोपात अंड्याच्या टरफलावरच शिक्का असतो. पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो (० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्या रानातली, २ बंदिस्त शेडमधली, ३ पिंजऱ्यातली), मग देश, मग उत्पादकाचा क्रमांक. 'कधीपर्यंत वापरा' ही तारीख घातल्या दिवसापासून मोजतात, जास्तीत जास्त २८ दिवस. आपल्याकडेही अ‍ॅगमार्कचे अंड्यांच्या प्रतवारीचे नियम १९६८ पासून आहेत. मी मात्र आजवर घेतलेल्या एकाही ट्रेवर ती खूण पाहिलेली नाही.

युरोपासारखी यंत्रं दहा हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीवाल्याने आणावीत असं मी म्हणणार नाही. दिरांना विचारलं तर ते म्हणाले, पेटीत एक चिठ्ठी टाकणं काही अवघड नाही, रोजचा माल रोज गोळा होतोच. चिठ्ठीवर घातल्याची तारीख आणि तालुका, बस्स. होलसेलवाल्याने पेटी फोडली तरी ती चिठ्ठी ट्रेबरोबर पुढे जावी, दुकानदाराने ती ट्रेला लावून ठेवावी. अधिकाऱ्यांनी एवढंच करावं की खोक्यावर भरल्याच्या तारखेआधी घातल्याची तारीख छापायला लावावी, आणि सुट्या विक्रीलाही ती चिठ्ठी सक्तीची करावी.

यावर होलसेलवाल्यांचं म्हणणं मी ऐकलंय, "तारीख लावली तर जुना माल कोण घेईल?" मी घेईन. दोन दिवसांचं ताजं अंडं उकडलं तर टरफल पांढऱ्या भागाला चिकटतं आणि सोलताना अंड्याला खड्डे पडतात. साठ अंडी सोलायची असतील तेव्हा ते किती जिवावर येतं ते मला विचारा. नीट थंड जागी ठेवलेलं आठ-दहा दिवसांचं अंडं रश्श्याला उत्तम. ताजं मला हाफ फ्रायला आणि केकला हवं. म्हणजे दोन्ही मालाला गिऱ्हाईक आहे, भाव वेगवेगळे लावा. भाजीबाजारात सकाळची मेथी आणि संध्याकाळची मेथी वेगळ्या भावाने जातेच की. फक्त संध्याकाळची मेथी सकाळची म्हणून विकू नका. 'गावरान' म्हणून तपकिरी हायब्रीड अंडी विकण्याबद्दल मी इथे लिहीत नाही, ते एक वेगळं पत्र होईल.

शिवाय एक जण या पत्रात यायचाच राहिला. आमच्या चौकातला बुर्जीवाला. रात्री आठला त्याच्या गाडीवर रांग असते, तो दोन अंडी एका हातात धरून थेट तव्यावर फोडतो, त्याला वाटीत फोडून बघायला वेळ नसतो. एखादं नासकं निघालं की अख्खा तवा खरवडून टाकतो, त्यातला कांदा, टोमॅटो, लोणी सगळं जातं आणि समोरचे चार जण उठून शेजारच्या वडापावकडे जातात. त्याचे तेवढे पैसे कुठल्याच पेटीच्या भावात धरलेले नसतात. त्याला विचारलं, तक्रार करतोस का? तो म्हणाला, "कुणाकडे काकू? अंड्यावर नाव असतं का?"

मी अंड्यामागे पंचवीस पैसे जास्त द्यायला तयार आहे. महिन्याला दोनशे रुपयेही होत नाहीत. माझ्यासारख्या डबेवाल्या या शहरात पुष्कळ आहेत, त्यांतल्या पाच-सात जणींशी बोलले, त्याही तयार आहेत. तुमच्यातल्या एखाद्या पोल्ट्रीवाल्याने उद्यापासून पेटीत चिठ्ठी टाकायला सुरुवात केली तर आम्ही त्याच्याकडूनच माल घेऊ, श्रावणातसुद्धा.

उत्तर द्यायचं असेल तर बुधवारी आणि रविवारी सकाळी अकराच्या आत फोन करू नका. तेव्हा हात अंड्यांत असतात.

कळावे,
आपली,
पुण्यातली एक डबेवाली काकू